डावा हात

एका सेकंदाला बारा कागद.
नाणं उजव्या तळव्यावर ठेवायचं,
मूठ मिटायची, फुंकर घालायची,
मूठ उघडायची:
एवढ्याला माझे अठ्ठेचाळीस कागद जातात.
त्यांची चार वर्षं गेली होती.

खोली हळदीच्या गोदामावर आहे.
खाली पोतं आपटलं की
फळ्यांच्या फटीतून पिवळी धूळ वर येते,
काचेखालच्या दिव्यावर तरंगते
आणि कागदावर बसते.
खोडरबरानं जात नाही, पसरते.
त्यामुळे माझ्या चित्रपटातला
काळ्या कोटातला जादूगार
जरासा हळदीचा दिसतो,
कुणाच्या तरी लग्नातून उठून आल्यासारखा.

नेमगोंडा चौगुले.
रंगमंचावर, प्रोफेसर चौगुले.
रविवारी सांगलीवाडीहून चालत येतात,
पूल ओलांडून, खिशात भडंगाची पुडी.
बसायच्या आधी रुमालानं खुर्ची पुसतात,
मग रुमाल दोन्ही बाजूंनी दाखवतात.
सवय.

तासगाव, विटा, जत.
उरूस, शाळांची पटांगणं, कारखान्याचा क्लब.
बाईला अर्धं कापायची सागवानी पेटी होती.
कापून घ्यायला मेहुणी, राजमती.
ती लग्न होऊन चिकोडीला गेली
तेव्हापासून पेटीत शाळू.
पुराच्या साली पेटी शाळूसकट वाहून गेली.
"माझ्या मदतीशिवाय गायब झालेली
पहिली वस्तू," म्हणाले
आणि माझ्याकडं बघितलं, हसते का.

शेवटचा प्रयोग विश्रामबागेत, कुणाच्या तरी वाढदिवसाला.
केक यायचा होता तोवर.
पुढच्या रांगेतला एक मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता
बोलला: "काका, बाहीत आहे."
बाहीत नव्हतं.
हे ते मला तीनदा सांगतात.
बाहीत नव्हतं.

हात थरथरतात आता.
सुरुवातीला मी ती थरथर गाळायची,
रेघ धुऊन पुसून घ्यायची.
पण एकच बाही बारा वेळा काढली
की बारा बाह्या होतात,
आणि नुसता उभा माणूसही पडद्यावर
थंडी वाजल्यासारखा हलतो.
सोडून दिलं.
त्यातली त्यांची थरथर कुठली, माझी कुठली,
आता सांगता येणार नाही.

मग नाणं नाहीसं करायची जागा आली.
एकतिसाव्या कागदावर मी ते काढलंच नाही.
"एवढंच?" ते म्हणाले.
"एवढंच."
उठून खिडकीशी गेले.
खाली हमाल पोती मोजत होते,
लाभ, दोन, तीन, चार,
बावीसपर्यंत ते ऐकत राहिले.
त्या दिवशी भडंगाची पुडी
तशीच खिशातून परत गेली.

रात्री ते कागद फाडले.
पुढच्या रविवारी विचारलं, खरंच कुठं जातं?
राजमतीलाही सांगितलं नव्हतं त्यांनी.
दाराला कडी घातली.
एकदाच दाखवलं, सावकाश,
जशी आई लहान मुलाला
बटण लावायला शिकवते.
सगळे उजव्या मुठीकडं बघत असतात
तेव्हा खाली, कोटाच्या कडेला,
डावा हात एकटा
सगळं काम करत असतो.

तोच काढला मी. एकशे चाळीस कागद.
अंगठ्याचं वळण, करंगळीची गाठ,
नाणं शिवून गेल्यावर बोटांनी घेतलेला
तो किंचित सुटका झाल्यासारखा श्वास.

परवा दाखवलं. अजून आवाज घातलेला नाही,
पंखाच तेवढा चालू होता.
चार मिनिटं संपली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं, चुकलं माझं,
जन्मभर झाकलेलं उघड्यावर टाकलं.
मग म्हणाले,
"असू दे. कोणतरी
त्याच्याकडं बघायला पायजेच हुतं."

भडंग खाल्लं दोघांनी.
चप्पल घालताना भिंतीला टेकले, तेव्हाही
मी त्यांच्या डाव्या हाताकडंच बघत होते.

ते पुलापर्यंत पोचले असतील तेव्हा
टेबलावरचं खोडरबर दिसेना.
खाली वाकून बघितलं, कागद हलवले,
ओढणी झटकली.
अजून सापडलेलं नाही.