आटण्याची सूट

बाबांकडं एक पट्टी आहे,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून जरासा मोठा.
उद्यमनगरात चाळीस वर्षं ते सागवानाचे पॅटर्न करतात.
ओतलेलं लोखंड निवताना आटतं,
म्हणून लाकूड आधीच वाढीव धरायचं.
सातवीत मी त्याच पट्टीनं भूमिती आखली
आणि बाईंनी चार मार्क कापले.

आता मी डॉक्टर आहे.
शेजारच्या गवळीकाकू गुडघा दाखवायला येतात.
मी पातळ थरांची डॉक्टर, काकू.
निकेलचा थर, केसाहून कितीतरी बारीक,
त्यात वीज किती मावते,
पाच हजार वेळा भरून रिकामा केल्यावर
किती मावायची राहते, एवढंच मला कळतं.

त्रेसष्ट ईमेल.
बाबांच्या मापांच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिलेत:
देश, प्राध्यापक, तारीख,
आणि चौथा रकाना, बहुतेक कोरा.
एकानं कळवलं, सध्या निधी नाही.
एकीनं कळवलं, मार्चमध्ये पुन्हा विचार.
मार्चमध्ये विचारलं.
एकानं ‘डिअर मिस्टर सुतार’ म्हणून इतका देखणा नकार धाडला
की चूक दाखवावीशी वाटेना.
तसंही आम्ही कोल्हापूरच्या पोरी,
‘मी जेवलो’, ‘मी आलो’ म्हणणाऱ्या.
मिस्टर तर मिस्टर,
पण बोलवा की राव!

इम्तियाज मुल्लाणी दोन वर्षं बुसानला आहे.
फोनवर सांगतो, त्यांचे शेवटचे तीन पेपर वाच,
पहिल्याच ओळीत त्यातलं काही विचार,
ते ‘आदरणीय’ वगैरे काढून टाक.
इथं सगळं मिळतं, म्हणतो, पांढरा रस्सा सोडून.
त्याचाही करार जूनमध्ये संपतोय.
मग बराच वेळ काही म्हणत नाही.

शिंत्रे सरांचं शिफारसपत्र तीन आठवडे ‘उद्या’ आहे.
त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून
मी विद्यापीठातले मोर ऐकते.
घसा खरवडल्यासारखे ओरडतात.
पाहुण्यांना फक्त पिसारा ठाऊक.

परवा रात्री साडेदहाला मुलाखत झाली, कॅनडात दुपार होती.
घरी रेंज नाही म्हणून बाबांच्या कारखान्यात बसले,
पाठीमागं भिंतीवर रंगवलेले पॅटर्न.
बाईंनी माझा प्रबंध बाजूला ठेवून विचारलं,
ते लाल चाक कसलं?
पंपाचं, म्हटलं. आणि अर्ध्या तासातली बारा मिनिटं
मी लोखंड कसं आटतं ते सांगत राहिले.
कळवतो म्हणाल्या. सगळेच म्हणतात.

बाबा दारात उभे, भुवयांवर भुसा.
‘किती वर्सांची नोकरी?’
‘एका वर्षाची. काम बघून पुढं.’
‘म्हंजे बदली कामगार.’
‘व्हय. डॉक्टर बदली कामगार.’
ते हसले नाहीत. पंखा बंद केला,
रंधा पुसून जागेवर ठेवला.

मी वहीचं नवं पान उघडलं, चौसष्टपासूनचं,
आणि हाताला लागली त्या पट्टीनं रकाने आखले.
चौथा मुद्दाम रुंद.
बाबांनी वाकून बघितलं.
‘ती लोखंडाची पट्टी हाय,’ म्हणाले.
‘ॲल्युमिनियमला येगळी लागती, पितळंला येगळी.
तुझ्या निकेलला किती सूट धरायची,
ते मला म्हाईत न्हाई.’