इतिवृत्तात न आलेलं

'ठराव क्रमांक सात' असं मी लिहिलं
आणि पुढे बराच वेळ लिहिता आलं नाही,
कारण पिएदादने माझ्या टेबलावर बादली ठेवली.

जुवारीचं गढूळ पाणी, तळाला उपसागराचा चिखल,
चिखलात तळहाताएवढ्या सात-आठ शिंपा,
इतक्या पातळ की पलीकडचं बोट दिसावं.
आमच्या कचेरीच्या खिडकीला अशा दोन उरल्यात अजून,
बाकी काच.

मी पेडण्याचा. इथे येऊन अकरा महिने झाले.
काम एवढंच: लोक कोकणीत भांडतात,
मी ते मराठीत शांतपणे लिहितो.

जेटीवाल्या कंपनीचा माणूस अहवाल वाचत होता.
पान छत्तीस: 'या भागात उल्लेखनीय जीवसृष्टी
आढळली नाही.'
मागच्या बाकावरून उल्हास तारीने विचारलं,
"कितल्या वरांचेर आयिल्ले हे पळोवंक?"
अहवालात तारीख होती. वेळ नव्हती.
उल्हासने खिशातून चुरगळलेलं कॅलेंडर काढलं,
त्या तारखेवर बोट ठेवलं:
अकरापासून तीनपर्यंत पाणी चढलेलं.
म्हणजे हे आले, पाणी बघितलं,
आणि पाणीच आहे असं लिहून गेले.

मग त्या वहीची गोष्ट निघाली.
बोनिफासच्या मोडक्या खाटेची एक चौकट,
मीटर बाय मीटर, जानेवारीपासून दर सुकतीला
चिखलावर टाकायची, आत काय आहे ते मोजायचं.
मोजणाऱ्या बायका; लिहिणारी आठवीतली मुलगी,
गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर:
'सकाळी सहा दहा. चौकट चार.
शिंपा तेरा. खुबे चाळीस.
खेकडा एक, पळाला.'

शेवंती पागी उठली. तिला माइक नको होता.
म्हणाली, माझ्या आईने या चिखलातून माझं लग्न काढलं,
वाट्या-वाट्याने, खुबे विकून,
आणि मंगळसूत्राचे दोन मणी कमी पडले
तेव्हा आणखी आठ दिवस उतरली, तापात.
मी लिहिलं:
'एका ग्रामस्थ महिलेने उपजीविकेचा मुद्दा मांडला.'

रेजिनाल्द उभा राहिला तेव्हा मात्र
पंखा तेवढा ऐकू येऊ लागला.
जेटी झाली तर मला नोकरी आहे, तो म्हणाला,
शिंपा मोजून माझ्या बोटीचा हप्ता कोण भरणार?
कुणीच उत्तर दिलं नाही. माझ्याकडेही नव्हतं.
तो पिएदादचा धाकटा.
तिने त्याच्याकडे बघितलं नाही,
बादलीत हात घालून
एक उलटी पडलेली शिंप सुलटी केली.

हात वर झाले. काहींच्या कोपरापर्यंत
वाळलेला चिखल होता, भिंतीच्या पोपड्यासारखा.
मी दोनदा मोजले.
रेजिनाल्दने हात वर केला नाही,
आणि तो बाहेरही गेला नाही.

ठराव पणजीला गेला. तिथे तो कुठल्या टेबलावर आहे
ते विचारायला आठवड्याला दोघं बस पकडतात,
आळीपाळीने, डबा घेऊन.

त्या रात्री मात्र साडेनवाला सुकती होती
आणि शिंपा परत ठेवायच्या होत्या.
मीही गेलो, का ते नीट सांगता येत नाही.
पुढे बादली; बादली रेजिनाल्दच्या हातात.
चौथ्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत रुतलो.
बायका हसल्या, मग दोघींनी काखेत धरून
मला उपटून काढलं, रोपासारखं.
पाय आला. चप्पल आली नाही.

इतिवृत्त मी दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं,
सूचक, अनुमोदक, सह्या, शिक्का.
यातलं काहीच त्यात नाही.

परवा ती वही पुन्हा बघायला मिळाली.
'संध्याकाळी पाच चाळीस. चौकट नऊ.
शिंपा अकरा. खुबे सव्वीस.
चप्पल एक, उजव्या पायाची.
आत खेकडा.'