मोकळी जागा

सोहारच्या बंदरामागे, चार नंबरच्या कॅम्पात
मी हजेरी मांडतो. दोनशे अकरा माणसं,
माणशी एक फाइल, फाइलीला माणसाचं नाव.
महिनाअखेर एकेक उघडायची, तास मोजायचे, मिटायची.
अकरा वर्षं.

शमसा ट्रेनी म्हणून आली, बावीस-तेवीसची.
अबायाच्या बाहीतलं घड्याळ बघत म्हणाली,
"हे सगळं तुम्ही हातानं करता?"
जसं कुणी विचारावं,
खाडी वाटीनं उपसता?

तिनं एक काळी खिडकी उघडली.
आत डॉलरचं चिन्ह आणि लुकलुकणारी काडी.
म्हटलं, पगार रियालात, मग हा डॉलर कशाचा?
ती हसली नाही. "शेल आहे. तुमची वाट बघतोय."

शेल म्हणजे शिंपला, एवढं इंग्रजी मला येतं.
आमच्या दाभोळला त्यातून कालवं काढतात,
सुरी तिरकी लावून.
जोर केला की शिंपला तसाच, हात कापलेला.

पहिला आठवडा एवढ्यातच गेला:
नाव ठेवताना डॉलर लावायचा नाही,
हाक मारताना लावायचा.
बरोबरच्या चिन्हाला दोन्हीकडून चिकटून बसायचं.
आणि यंत्राला नावं ठेवू नयेत,
ते सांगितलेलं करतं,
मनातलं नाही.

मग स्क्रिप्ट लिहिली, तर चालेना.
"परवानगी नाकारली."
माझ्याच फोल्डरात, माझ्याच हातानं लिहिलेलं!
पण हे वाक्य मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.
शमसानं अधिकचं चिन्ह दिलं, पुढे एक्स.
"आता चालेल."
एका अक्षरात.
मी खिडकीबाहेर पाहिलं, फाटकाकडे,
आणि काही बोललो नाही.

गुरुवारी रात्री एंटर दाबलं.
चहा ओठाला लागायच्या आत यादी हजर.
एकूण माणसं: दोनशे अडुसष्ट.

सत्तावन्न माणसं आली कुठून?
एसीचं पाणी डब्यात ठिबकत होतं, मी वाचत गेलो.
फुर्बा, फाइल सापडत नाही.
तमांग, फाइल सापडत नाही.
गुल, तास शून्य. जरीन, तास शून्य.
अख्खा जुलै क्रेनच्या टपरीत भाजून निघालेला माणूस
मधोमध चिरला होता
आणि दोन्ही फाकांना गैरहजेरी.
ज्यांची नावं मी कंटाळून सलग टाइप केली होती
तेवढे शाबूत.

रविवारी शमसानं यादीवर बोट ठेवलं.
"जागा. नावातली मोकळी जागा.
शेलला ते कुंपण वाटतं.
दुसऱ्याच्या तोंडून यादी ऐकू नका, तारा लावून स्वतः बघा.
आणि नाव घेताना दोन्ही बाजूंनी धरा."
मी अवतरणचिन्हं घातली.
इवलीशी, वर टांगलेली,
तान्ह्या बाळाला उचलताना
मानेखाली एक हात जातो ना, तशी.

माझ्या स्वतःच्या कार्डावर अरबीत मी बावसकर आहे.
त्या लिपीत प नाही.
अकरा वर्षं ब ला ओ दिली,
तासांना धक्का लागला नाही, म्हणून बोललो नाही.

पुन्हा चालवली. दोनशे अकरा.
शमसा म्हणाली, शेवटी काय उत्तर आलं ते विचारा त्याला.
विचारलं. शून्य.
पोटात गोळाच आला,
आमच्या शाळेत शून्यावर बापाची सही आणावी लागे.
"शून्य म्हणजे काही बिघडलं नाही," ती म्हणाली,
"बिघडायचे प्रकार पुष्कळ, त्यांना आकडे लागतात."

संध्याकाळी खिडकीशी रांग लागली.
मी कागद सरकवला आणि म्हटलं, "फुर्बा तमांग,"
पूर्ण, मधली जागा जागच्या जागी ठेवून.
तो हेल्मेट काढता काढता थांबला.
मग अंगठ्यानं आकडा चाचपत म्हणाला,
"तास बराबर है ना, बावसकर साब?"

बरोबर आहेत, म्हटलं.