छाट

मधल्या मारुतीजवळून नाकातोने आणलेली केळीची पानं
घरी येईस्तोवर शिरांवर फाटली.
एप्रिलचं ऊन. रिक्षात बाहेर धरून बसली असणार,
झेंड्यासारखी.

"मावशी, पान फाटलं म्हणजे पातेलं फुटलं,"
ती म्हणाली, दोन वर्षांच्या मराठीत,
आणि जिन्यात बसली
फार्मसीच्या वह्यांवर डोकं टेकून.

तिकडे मसाका गावात आज तिच्या बहिणीचं लग्न.
जुळी बहीण. आधी आली ती बाबिर्ये,
मागून आली ती नाकातो,
त्यांच्यात पाळी नावातच लिहितात.
लग्नाला प्रत्येक पाहुण्यापुढे एकेक बांधलेली पुडी.
लुवोम्बो.
ज्याची त्याने सोडायची,
दुसऱ्याच्या पुडीत बघायचं नाही.

मी एकेचाळीस वर्षं पानं कापली, तेंदूची.
रात्री भिजवायची, ओल्या गोणपाटात निजवायची,
सकाळी पत्र्याच्या मापावर कात्री.
पान कुठे दगा देणार
ते मला बोटांनी कळतं, माणसांचं नाही कळलं कधी.
"ऊठ गं, रडलालीस काय," म्हटलं.
लिंबाने तीनदा हात धुतले.
तंबाखूचा वास गेला नाही. जाणारही नाही.

पानं ओल्या फडक्यात तासभर.
मग तिने गॅसच्या आचेवरून एकेक फिरवलं,
हिरवं काळं पडलं, चामड्यासारखं वळू लागलं.
पाठीचा कणा मी कात्रीने सोलला.
फाटक्यावर धड, धडावर फाटकं, आडवं-उभं.

शेंगदाणे भाजून खलबत्त्यात.
इथवर सगळं माझ्याच घरचं.
पण लसूण नाही, मिरची नाही!
नुसता कांदा, टोमॅटो, दाण्याचं दाट गुलाबी कालवण,
त्यात धुरावलेली कोंबडी.
"मावशी, दाण्याला बोलू द्यायचं."
बोलू दे बाई. सोलापुरात दाणा एवढं हळू बोलत नाही.

तिची पाठ फिरली तेव्हा
चिमूटभर शेंगाचटणी मी एका पुडीत टाकली,
आमच्या मल्लेशमसाठी.
खूण म्हणून तिला विडीचा लाल दोरा,
बाकीच्यांना चादरीच्या कारखान्यातलं पांढरं सूत.

पाण्याचा दिवस परवा होता,
हंड्यात तळाशी दोन बोटं उरलेलं.
वाफेला तेवढं पुरतं.
तळाला केळीचे देठ, देठांवर सहा पुड्या,
कडेला कंदरची कच्ची केळी सोलून पानात गुंडाळलेली.
झाकणावर पाटा.
दोन तास घरभर असा वास
की शेजारची शबानाबी दोनदा साखर मागायला आली.

झाकण काढलं,
तर लाल रंग सुटून सगळीच सुतं गुलाबी.
खूण गेली.
आणि एक पुडी गळत होती,
नाकातोने स्वतः बांधलेली.
कारखान्यात चेकर असली बाजूला फेकायचा,
छाट म्हणायचा,
तिचे पैसे द्यायचा नाही, विकायचा मात्र.
ती मी माझ्या ताटात ओढली.

फोन डब्याला टेकवून उभा केला.
पडद्यावर मांडव, ढोल, पांढरी वस्त्रं,
मध्येच चित्र गोठायचं,
बाबिर्येचा हात हवेत राहायचा.
चरण, अंबिका, मल्लेशम, शबानाबी, सगळे मांडी घालून.
मल्लेशमने बोट चाटलं, "बागुंदी," म्हणाला.
त्याच्या डोळ्यात टिपूस नाही.
तेव्हाच मला कळलं.

नाकातोने पान उलगडलं,
एक घास घेतला, थांबली.
माझ्याकडे पाहिलं.
दुसरा घेतला.
नाक वाहू लागलं, डोळेही,
आणि ती जेवतच राहिली.

तिकडून बहीण काहीतरी म्हणाली, त्यांच्या बोलीत, मोठ्याने.
"काय म्हणते?" मी विचारलं.
"विचारते, रडलालीस काय."
"मग?"
"सांगितलं, तिखट आहे."

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.
तिने घेतला नाही.