ऑरलिनचा कप

दोन वर्षांतून नव्वद दिवस भरतं मोंटानाचं विधिमंडळ.
उरलेले दिवस ऑरलिन हॉगस्टॅड
शाळेची पिवळी बस चालवायचा,
आणि पहाटे साडेपाचला ह्या खिळ्यावरून
आपला कप आपणच काढून घ्यायचा.
'आमदारसाहेब' म्हटलं कुणी,
तर मागे वळून बघायचा, दुसरं कोण आलंय.

सहा निवडणुका. पाट्या एकाच साच्यातल्या.
जुन्या पाट्यांनी त्यानं कोंबड्यांचं खुराडं शाकारलं;
आत वाकलं की दिसायचं: हॉगस्टॅड, हॉगस्टॅड, हॉगस्ट,
पुढचं एका कोंबड्यानं टोचून खाल्लेलं.

केलं काय त्यानं?
एक पूल. रेल्वे फाटकाला दिवे.
म्हाताऱ्या ब्योर्गच्या पेन्शनचा कागद
अकरा महिने हेलेनातल्या कुठल्याशा टेबलावर निजला होता,
तो उठवून आणला, बर्फातून, चारशे मैल.
भाषण मात्र जमेना.
माइकसमोर उभा राहिला
की बसचे थांबे सांगतोय असं वाटे.

मग टेकडीवरचं इस्पितळ बंद करायचं विधेयक आलं.
पाहुण्यांना आम्ही सांगायचो, मनानं थकलेल्यांचं इस्पितळ.
आपसांत नुसतं 'वर'.
गावातल्या दोनशे चुली त्या 'वर'च्या जिवावर.
त्याची बहीण इंग्री तिथंच,
एकोणिसाव्या वर्षापासून.

एका रात्री न कळवता तो वर जाऊन आला.
काय पाहिलं, बोलला नाही.
चार दिवस नुसती कॉफी ढवळत बसला,
साखर न घालता.
आम्हीही विचारलं नाही.
निम्मे जण तिथंच कामाला होतो,
विचारायचं काय त्यात.

सभागृहाच्या भिंतीवर नावांपुढे दिवे लागतात.
त्याच्या नावापुढे हिरवा लागला.
रेडिओवर ऐकलं, तशी डोलोरेसनं
कप खिळ्यावरून काढला.
फोडला नाही. मोरीखाली सरकवला.

नोव्हेंबरात एक्केचाळीस मतांनी पडला.
एक्केचाळीस म्हणजे
दाटीवाटीनं ह्या खोलीत मावतील एवढी माणसं.

बस राहिली त्याच्याकडे; बर्फात ती चालवणार कोण?
पुढच्या सीटवर इंग्री, मांडीवर हात मोडपून.
तिची वेणी त्याला घालता येईना.
पाचवीतल्या दोन पोरींनी दोरीवर शिकवली,
त्याच फाटकाशी,
मालगाडीचे एकशे दहा डबे जाईस्तोवर.

फेब्रुवारीत गेला. जमीन इतकी गोठलेली
की पुरायला एप्रिल उजाडला.

कप पुन्हा खिळ्यावर आहे.
गुरुवारी इंग्री येते, त्यातून दूध पिते,
आणि आम्ही सरकून जागा करतो.
आता विचाराल त्याला,
तो छातीवर हात ठेवून सांगेल,
मी तर ऑरलिनलाच मत दिलं होतं.
सगळ्यांचं खरं धरलं
तर तो कधी पडलाच नाही.

वेणी हल्ली डोलोरेस घालते.
इंग्री म्हणते, सैल झाली.