शेळीवर बसून

पहाटे पावणेचारला मी शेळीवर बसते.
आमच्या किनाऱ्यावर नारळाच्या खवणीला शेळीच म्हणतात.
लाकडी पाठ, पुढे काढलेली लोखंडी जीभ,
दाते झिजलेले, तरी चावते.
लामूहून आलेय, माझ्या लग्नाच्या बोचक्यात.

पहिलं दूध जाड.
बोटाला धरून राहतं, लवकर सोडत नाही.
ते वाटीत झाकून फ्रीजमध्ये.
त्याच चोथ्यावर कोमट पाणी, पुन्हा पिळणं.
दुसरं पातळ. तिसरं नुसतं नावाला.
तूर रात्रीच भिजत टाकलेली असते,
फुगून भांड्याच्या काठाला आलेली.
पोरं झोपेत. बाकारी खोल समुद्रात,
शुक्रवारी येतो, कधी त्याच्या पुढच्या.

पाचची फेरीबोट. उभ्यानेच चहा.
मग किलिंदिनी बंदर, आणि माझी यारी.
लिफ्ट बंद असली की दोनशे दहा पायऱ्या.
वर केबिन, तिला काचेची जमीन.
माझ्या टाचांखाली जहाज,
जहाजात पेट्या, पेट्यांत कुणाकुणाच्या सायकली, तांदूळ,
कुणाच्या नव्या स्वयंपाकघराचे ओटे.

दोर झुलायला लागला की ओढायचा नाही.
झोक्याच्या मागे जायचं, त्याच्या डोक्यावर पोचायचं,
मग तो आपणच शांत होतो.
म्हाताऱ्या मझी ओमारनं शिकवलं मला हे,
बाकीचे पैजा लावत होते तेव्हा,
की बाई आठवड्यात खाली उतरेल.
नऊ वर्षं झाली.
चाळीस टनांची पेटी मी अशी टेकवते
की खालच्या ट्रकवाल्याचा चहा हिंदकळत नाही.
घरी पातेलं आपटते.

वरून पलीकडचं लिकोनी दिसतं.
माझं छप्पर नाही ओळखू येत,
पण मशिदीच्या डावीकडची हिरवी टाकी दिसते,
तिथून चार घरं.
संध्याकाळी तिकडे धूर उठायला लागतो.
मी मोजत बसत नाही.
मोजते.

परवा कुसी वारा सुटला.
रेडिओ म्हणाला, सगळ्या याऱ्या थांबवा,
आणि जहाज रिकामं झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.
मी घरी फोन लावला.
अथमान अकराचा आहे. नाक ओढत बोलतो.
‘तूर चढव. पातळ दूध घाल. कांदा, मिरची, हळद.
शिजली की वाटीतलं जाड दूध,
आणि मग ढवळायचं, एकाच दिशेनं, नाहीतर फाटतं.’
‘कुठल्या दिशेनं?’
बावन्न मीटर उंचीवर
मी हवेत बोट फिरवून दाखवलं.
‘अशा.’
‘किती वेळ?’
‘मी थांब म्हणेन तोवर.’

तेवढ्यात वारा पडला.
रेडिओ खरखरला, मी फोन ठेवला.
एकशे सोळा पेट्या राहिल्या होत्या.

शेवटच्या फेरीनं आले.
तो स्टुलावर बसून होता, भिंतीला टेकून,
हातात पळी. गॅस बंद,
गॅस झुहुरानं बंद केला म्हणे, ती सातची आहे,
‘दादा ऐकेचना. तुझं थांब आलंच नाही ना.’
तूर दाण्याची राहिलीच नव्हती,
घोटून घोटून पिवळं मऊ काहीतरी,
फाटलेलं नव्हतं मात्र. कुठेही नाही.

मी थंडच खाल्लं, सकाळच्या महामरीच्या तुकड्याशी.
मीठ घालायचं सांगायला विसरले होते.
भांडं पुसून घेतलं बोटानं.
मग त्याला उचललं. जड झालाय.
पळी सोडेना झोपेत,
एकेक बोट उलगडावं लागलं.

पावणेचारला उठले
तर शेळीवर झुहुराची चिंधीची बाहुली बसलेली,
जिभेला दोरा बांधून, लगाम.
मी तिला खाली ठेवलं.
मग पुन्हा उचलून मांडीवर घेतलं
आणि नारळ फोडला.