रकाना क्रमांक सात

सातव्या रकान्यात वंश.
याकिमा खोऱ्यातल्या काउंटी तुरुंगाची यादी,
एक हजार नऊशे बारा माणसं,
आणि त्यांतले कितीतरी आरोयो, बाराखास, उर्कीदी
गोरे.

हेलिओदोरो मामा, तू हे वाचलं असतंस
तर हसला असतास, पडलेल्या दाताची फट हातानं झाकून.
सफरचंदांच्या बागेत चाळीस हंगाम
शिडीवर उभी राहून रापलेली तुझी मान.
जन्मात तुला कुणी गोरा म्हटलं नाही.
म्हटलं ते एका कारकुनानं,
रात्री सव्वादोनला, घाईत,
त्याच्या पडद्यावर तुझ्यासाठी दुसरी खूणच नव्हती म्हणून.

दवाखान्याच्या यादीत तू 'माहीत नाही'.

मी दोन्ही याद्या जुळवते. पगार त्याचाच.
पहिली नावं खोडून येतात, नियम आहे;
आडनाव आणि जन्मसाल तेवढं उरतं.
उर्कीदी, एकोणीसशे एकसष्ट.
साखर पाचशे चाळीस.
इन्सुलिन: मागितलं.
पुढे सही नाही.
दुसऱ्या दिवशीही मागितलं.
तिसऱ्या दिवशी रकाना कोरा,
मागणंच थांबलेलं.

जे खिजगणतीतच नाहीत
त्यांचं शेकडा प्रमाण काढायचं, दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत.

प्रोफेसर म्हणतात, नमुना लहान आहे, निष्कर्ष जपून काढ.
नमुना तर तू होतासच, मामा.
माझ्या पंधराव्या वाढदिवसाला
बोकडाच्या मुंडीला स्वतःची हॅट घालून
तिच्याशी गंभीरपणे बोलत बसलेला.

नऊ वर्षांची होते, टॉपेनिशच्या दवाखान्यात
आई आणि डॉक्टर यांच्या मधल्या स्टुलावर.
डॉक्टर म्हणाले गाठ.
मी आईला सांगितलं सूज.
गाठीसाठी स्पॅनिश शब्द माझ्याकडे नव्हता.
होता.

मूळ नोंदीत फेरफार करायचा नाही.
केला नाही.
शेजारी आठवा रकाना आखून ठेवलाय,
त्याला मथळा सुचत नाही, आणि
सहा वाजता फाइल पाठवायची आहे.

पॅकिंग शेडचा भोंगा होतो.
आईचा फोन. हातमोजे काढले नसावेत,
आवाज रबरी येतो.
सापडलं का त्याचं नाव?
सापडलं, म्हणते मी.
काय लिहिलंय?

बरं लिहिलंय, आई.